देशी मागूर मरतो, खात नाही, वाढत नाही: तपासायला कुठून सुरुवात करायची

भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पट्ट्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मी लोकांच्या टाक्या, शेततळी बघायला जातो. बोलावणं बहुतेक वेळा देशी मागूर या माशासाठीच असतं. "बीज (पाळायला आणलेली पिल्लं) चांगलं होतं, पण पंधरा दिवसांत अर्धं गेलं." "आठ महिने झाले, हातभर सोडा, वीतभरसुद्धा नाही." दोष फिरून फिरून त्याच चार-पाच जागी सापडतो. माणसं मात्र सुरुवात औषधाच्या दुकानापासून करतात आणि फुकटात होणारी तपासणी शेवटी राहून जाते. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम इथे देतोय. तो मोडू नका. वरच्या पायरीवर दोष सापडला तर तो आधी दुरुस्त करा, दोन-तीन दिवस थांबा, आणि मगच खाली या.

हा मासा वाया जाऊ देण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. बिहारने त्याला राज्यमासा केलंय, आणि आपल्याकडे धानाच्या बांध्यांमधून, बोड्यांमधून (छोट्या तळ्यांमधून) तो दरवर्षी कमी होत असल्याचं मासेमार ढिवर बांधव स्वतः सांगतात.

लक्षणं

खालीलपैकी काय दिसतंय ते आधी कागदावर लिहा. कधी सुरू झालं आणि त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय बदललं, तेही लिहा: पाणी भरलं, खाद्याची गोणी बदलली, नवे मासे सोडले, पाऊस झाला, वीज गेली. अर्धं निदान या कागदावरच होतं.

- बीज सोडल्यावर एक-दोन दिवसांत मर, अंगावर एकही जखम नाही.
- मासे तोंड वर, शेपटी खाली करून पृष्ठभागाशी उभे लटकलेत; हात दाखवला तरी खाली जात नाहीत.
- खाद्य तसंच तळाशी पडतंय, पाणी फेसाळलंय, वास उग्र येतोय.
- मिशा आखूड झाल्यात, टोकं पांढरी पडलीत.
- पर आणि शेपट्या कुरतडलेल्या. संख्या घटतेय, पण मेलेला मासा सापडत नाही.
- लाल चट्टे, व्रण, कापसासारखी बुरशी, फुगलेलं पोट, डोक्याच्या हाडावर भेग.
- वाढ अगदीच कमी. किंवा फारच झपाट्याने.

शेवटचं लक्षण कोणी तक्रार म्हणून सांगत नाही. मी मात्र ते सगळ्यात आधी विचारतो.

१. हा देशी मागूरच आहे ना?

खर्च काही नाही, वेळ दहा मिनिटं. तरी ही पायरी सगळेच गाळतात. जात चुकली असेल तर पुढचे सगळे हिशेब चुकतात: खाद्य किती, वाढ किती अपेक्षित, टाकीत किती मासे मावतील, सगळंच. शिवाय ती जात थाई मागूर, म्हणजे आपल्याकडे बंदी असलेला आफ्रिकेतला मागूर, निघाली तर प्रश्न पाळण्याचा राहत नाही, कायद्याचा होतो.

बीजात भेसळ का होते, ते एकदा समजून घ्या. देशी मागूर वर्षातून एकदाच, पावसाळ्यात प्रजनन करतो. बीज केंद्रात मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी पिळून काढता येतात, पण नराचं शुक्र तसं पिळून मिळत नाही. नर चिरून वृषण काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक खेपेला चांगले पोसलेले नर खर्ची पडतात, आणि मादीची अंडी कटला-रोहूच्या मानाने थोडीच. अशा माशाचं बीज बारा महिने, हवं तितकं आणि स्वस्तात मिळत असेल तर शंका घ्यायलाच हवी.

आता मासा हातात घ्या. ओलं फडकं घ्या, कोरडं नको. मागुराला खवले नसतात, अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच, आणि कोरड्या कापडाने तो निघून येतो. फडक्यात धरून अंगठा आणि पहिलं बोट डोक्यामागे, छातीच्या दोन्ही परांच्या काट्यांच्या मागे ठेवा. काटा उघडा राहिला तर तो बोटात घुसतो.

पाठीवरचा पर बघा. मागुराचा पर डोक्याच्या थोडं मागून सुरू होऊन जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो आणि त्यात काटा नसतो. पाठीवर पुढच्या बाजूला एवढासाच झुपका असेल तर ती शिंगी आहे. तिच्या काट्याला विष असतं, लगेच सोडा. मागच्या बाजूला हाडं नसलेला लहानसा मांसल पर वेगळा दिसत असेल तर तो शिंगट्याच्या कुळातला कोणी आहे. मिशा मोजून उपयोग नाही. देशी मागूर, थाई मागूर आणि शिंगी, तिघांनाही चारच जोड्या.

पाठपर लांब असेल तर खरी परीक्षा डोक्यावर. डोक्याच्या वरचं हाड मागे, पाठपराच्या दिशेने टोक काढतं. त्या कडेवरून ओला अंगठा हळू फिरवा. देशी मागुरात ही कड एकाच त्रिकोणी टोकाची लागते, इंग्रजी 'व्ही'सारखी. थाई मागुरात ती नागमोडी असते, मधलं टोक आणि बाजूला दोन उंचवटे, 'डब्ल्यू'सारखी. कातडी ओली असताना तिरप्या उजेडात डोळ्यांनाही दिसते. ही खूण बोटुकलीत (बोटभर पिल्लांत) धड कळत नाही, मासा वीतभर झाला की नीट लागते. म्हणून बीज घेताना शक्य असेल तर विक्रेत्याकडचे मोठे मासे, ज्यांच्यापासून बीज काढलं ते, दाखवायला सांगा.

आणखी दोन खुणा जोडीला ठेवा. मोठ्या थाई मागुराचं डोकं रुंद, चपटं आणि वरून खरखरीत दाणेदार लागतं, आणि डोक्याच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे काळसर पट्टा दिसतो. ताजा मेलेला मासा हाती असेल तर कल्ल्याचं झाकण उचलून आतल्या कमानीवरचे दाते बघा: थाई मागुरात ते अगदी दाट, देशीत विरळ. रंगावर मात्र जाऊ नका. गढूळ पाण्यातला फिका पडतो, काळ्या ताडपत्रीवरचा काळा होतो. संगमरवरासारखे ठिपके दिसले म्हणून थाई आणि तपकिरी दिसला म्हणून देशी, असा निकाल मी कधी देत नाही.

मग वजन. देशी मागूर आठ-दहा महिन्यांत साधारण १०० ते १५० ग्रॅमचा होतो. हीच त्याची चाल आहे, हा रोग नव्हे. "वाढत नाही" म्हणून आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच संपतात, कारण विकणाऱ्याने थाई मागुराचा हिशेब सांगितलेला असतो. उलट सहा महिन्यांत अर्धा-पाऊण किलो झाला तर तो देशी नाही, मग बिलावर काहीही लिहिलेलं असो.

थाई मागूर म्हणजे आफ्रिकेतला क्लॅरियस गॅरिपायनस. मीटरभराहून लांब होणारा हा मांसाहारी मासा तळ्यातून निसटला की आपल्या माशांची पिल्लं, बेडूक, जे मिळेल ते खातो. भारतात त्याच्या पालनावर २००० सालापासून बंदी आहे, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असलेले साठे नष्ट करायला सांगितलं. उजनीच्या आसपास, इंदापूर-करमाळ्याकडे आणि ठाणे जिल्ह्यात त्यावर कारवायाही झाल्या. तरी बीज फिरतंच आहे. देशी मादी आणि थाई नर यांचा संकरही फिरतो, आणि त्याच्या खुणा दोन्हींच्या मधल्या असतात.

जुन्या पुस्तिका वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्या मागुराला अनेक वर्षं क्लॅरियस बॅट्राकस म्हणत. ती जावाकडची वेगळी जात आहे. २००८ मध्ये ही गुंतागुंत सुटल्यापासून आपला मासा क्लॅरियस मागूर, म्हणजे हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये ज्याचं वर्णन केलं तोच. शासकीय पुस्तिकेत बॅट्राकस लिहिलेलं दिसलं तर माहिती बहुधा आपल्याच माशाची असते. गोवा-कर्नाटक-केरळकडच्या पाण्यात मात्र क्लॅरियस डुसुमिएरी ही आणखी एक स्थानिक जात आहे, तीही जपण्यासारखीच. त्या बाजूच्या ओढ्यातला मासा असेल तर तो गंगेच्या खोऱ्यातल्या बीजात मिसळू नका.

२. हवा घ्यायला जागा, वर झाकण, खाली आडोसा

मागूर कल्ल्यांवर भागवत नाही. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत त्याला झाडासारखं फांद्या फुटलेलं श्वसनांग असतं, आणि तो वर येऊन हवेचा घोट घेतो. निरोगी मासा सरळ वर येतो, 'चप्' असा आवाज करून घोट घेतो आणि वळून लगेच तळाला जातो. टाकीपाशी शांत बसून हे पाच मिनिटं बघा. वर आला आणि वरच राहिला, तर पाण्यात काहीतरी बिघडलंय.

वर यायची वाट बंद झाली तर पाण्यात प्राणवायू असूनही हा मासा गुदमरतो. जलकुंभीचा किंवा अझोलाचा सलग थर, पाण्याला टेकलेली जाळी, काठोकाठ भरलेला ड्रम, हवा न सोडता बांधलेली पिशवी, ही सगळी मरणाची कारणं मी पाहिली आहेत. पाण्याचा निदान निम्मा पृष्ठभाग मोकळा ठेवा. पिल्लांची गोष्ट उलटी आहे. पहिले दहा-बारा दिवस हे श्वसनांग तयार झालेलं नसतं, तोवर त्यांना हवेचा पंप लागतोच. "मागुराला पंप कशाला" म्हणत जिऱ्याच्या, म्हणजे अगदी लहान पिल्लांच्या, टाकीतला पंप काढणाऱ्यांचं बीज म्हणूनच एका रात्रीत जातं.

मेलेला मासा न सापडता संख्या घटत असेल तर आधी झाकण बघा. पहिल्या पावसात, रात्री, वाहत्या पाण्याच्या आवाजाकडे मागूर निघतो आणि छातीच्या काट्यांवर रेटा देत ओल्या जमिनीवरून लांब जातो. जाळी काठापासून वर उचललेली आणि चारही बाजूंनी ताणून बांधलेली हवी. पाणी आत येण्याच्या नळाभोवतीची फट आठवणीने बुजवा, ते तिथूनच निसटतात. बगळे आणि दिवड हे दुसरे वाटेकरी.

आडोसा नसेल तर मासे दिवसभर कोपऱ्यात एकमेकांवर चढतात, मिशा आणि पर सोलले जातात. चार इंची पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे किंवा जुनी कौलं तळाशी टाका. कडा घासून गुळगुळीत करा. मिशांची टोकं पांढरी होण्याचा त्रास कितीतरी टाक्यांत एवढ्यावर थांबतो. सिमेंटचा तळ खडबडीत असेल तर ताडपत्री अंथरा.

३. पाणी कुठून आलं?

बीज सोडल्यावर दोन दिवसांत जखमेविना मर झाली तर माझा पहिला संशय पाण्यावर. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन. पावसाळा लागला की ग्रामपंचायती टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा वाढवतात. माणसांसाठी ते हवंच, पण उन्हाळाभर ज्या नळाच्या पाण्यावर मासे जगले त्याच पाण्याने जुलैत मरतात, याचं कारण हे. गावच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायच्या ओटी चाचणीची बाटली असते. त्याला आपल्या टाकीच्या पाण्यावर दोन थेंब टाकायला सांगा. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. उपाय साधा: पाणी एक दिवस उघड्या टाकीत, पंप लावून ठेवा आणि मग वापरा. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीन-नाशक सांगितलेल्या मात्रेत टाका.

बोअरचं पाणी असेल तर वेगळी अडचण. ते जमिनीतून येतं तेव्हा त्यात प्राणवायू जवळपास नसतो, कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, आणि कुठे कुठे लोह किंवा सडक्या अंड्याच्या वासाचा वायूही. फवाऱ्याने उंचावरून सोडा, एक दिवस हवा खाऊ द्या. सामू मोजायचा तोही त्यानंतर. ताज्या उपशाचा सामू कमी दाखवतो, हवा मिळाली की चढतो, आणि पुढे अमोनियाच्या हिशेबात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

शेजारच्या धानाच्या बांधीतून पाणी येत असेल तर फवारणी कधी झाली ते विचारा. आसपासच्या डबक्यातले बेडूक आणि किडेही मेले असतील तर ते पाणी ताबडतोब तोडा.

पाण्याच्या फिल्टरवाल्याचं टीडीएस मीटर घेऊन "पाणी ठीक आहे" म्हणणारे बरेच भेटतात. त्या मीटरला क्षार कळतात. क्लोरीन, अमोनिया, कीटकनाशक यांतलं काहीही त्याला कळत नाही.

४. थंडी आणि ऊन

साधा काचेचा तापमापक पुरतो. पहाटे आणि दुपारी तीनला, दोन्ही वेळा मोजा, तेही तळाशी. २५ ते ३० अंश हा मागुराचा आवडता पट्टा. २० च्या खाली तो खाणं जवळपास सोडतो. विदर्भातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उथळ टाकीतलं पाणी याच्याही बरंच खाली जातं. तलावातला मागूर अशा वेळी चिखलात शिरून बसतो, ताडपत्रीच्या टाकीत त्याला ती सोय नाही. तेव्हा खाद्य कमी करा किंवा बंद करा, पाण्याची खोली वाढवा, रात्री वरून झाका. थंडीत खात नाही म्हणून जास्त खाद्य टाकणं म्हणजे पुढची पायरी स्वतः ओढवून घेणं. मे महिन्यात उलट: हिरवी जाळी बांधा आणि पाणी दुपारी बदलू नका. गरम पाण्यातल्या माशावर बोअरचं गार पाणी एकदम पडलं की बुरशी आणि पांढरे ठिपके मागोमाग येतात.

५. खाद्य दोन दिवस बंद

मासे खात नसतील, पाणी वास मारत असेल, तर काहीही विकत आणण्यापूर्वी खाद्य दोन दिवस पूर्ण थांबवा आणि रोज पाव-पाव पाणी बदला, तेच तापमान राखून. निरोगी मागूर दोन दिवस उपाशी राहिल्याने काही बिघडत नाही. मासे तिसऱ्या संध्याकाळी खाऊ लागले तर दोष खाद्याच्या मात्रेत होता.

हिशेब असा. शंभर मासे, सरासरी ५० ग्रॅमचे, म्हणजे ५ किलो वजन. वाढत्या मागुराला दिवसाला वजनाच्या तीन टक्के धरले तर १५० ग्रॅम खाद्य. मी जातो तिथे बहुतेकदा मूठ-मूठ करत याच्या दुप्पट-तिप्पट पडत असतं, कारण शेजारच्याचा थाई मागूर तेवढं खातो. देशी मागूर रात्रीचा आणि तळाचा प्राणी आहे. खाद्य संध्याकाळी, एकाच जागी, बुडणारं द्या आणि अर्ध्या तासाने ताटली उचलून बघा. उरलं असेल तर उद्या तेवढं कमी.

कोंबडीच्या दुकानातली आतडी, कुजकं मांस घालू नका. त्याने पाणी सडतं, रोगजंतू येतात, आणि असा मासा कोणाच्या ताटात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. गोणी जुनी, बुरसटलेली असेल तर तीही फेका. डोक्याच्या हाडावर भेग पडणं हे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असतं, आणि जुन्या खाद्यातून तेच सगळ्यात आधी उडून जातं.

६. अमोनिया, नायट्राइट, सामू

इथून पैसे लागतात, पण थेंबांचा संच काहीशे रुपयांत येतो आणि महिनोन्‌महिने पुरतो. औषधाच्या एका बाटलीपेक्षा तो आधी घ्या.

या पायरीवर थोडं थांबतो, कारण मागुराच्या बाबतीत लोक इथेच फसतात. रोहू-कटला घाण पाण्यात लगेच वर येऊन तोंड मारतात, मालकाला इशारा मिळतो. मागूर हवेवर जगतो आणि अमोनियाही इतर माशांपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो. शरीरातल्या अमोनियाचा युरिया करण्याची क्षमता त्याच्यात आहे. त्यामुळे तो मरत नाही, फक्त खाणं कमी करतो, कातडी लालसर होते, मिशा झिजतात. आपल्याला कळतं तेव्हा दोष आठवड्यांपूर्वीचा असतो. "पाणी खराब असतं तर मेले नसते का" हा प्रश्न मागुराला लागू पडत नाही.

अमोनियाचा विषारी भाग सामूवर ठरतो. २८ अंशांच्या आसपास, सामू ७ असताना एकूण अमोनियाचा शंभरातला जेमतेम एक भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की साधारण सहा-सात, ९ झाला की चाळीसच्या वर. आता मासे मरताना लोक काय करतात? चुना टाकतात. चुन्याने सामू चढतो आणि तोच अमोनिया एका तासात कितीतरी पट विषारी होतो. मर सुरू असताना, अमोनिया न मोजता चुना टाकू नका. ही एक गोष्ट पाळली तरी बरेच मासे वाचतात.

एकूण अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर दिसला तर खाद्य बंद, तळाचा गाळ नळीने ओढून काढा, रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. एकदम सगळं पाणी बदलू नका. गाळणीतले आणि भिंतीवरचे उपयोगी जिवाणू जातात आणि आठवड्याने तोच आकडा परत येतो. बायोफ्लॉकवाल्यांनी (टाकीतच जिवाणूंचे गुच्छ, म्हणजे फ्लॉक, वाढवून मासे पाळणाऱ्यांनी) वीज किती तास गेली होती ते आठवावं. पंप बंद पडला की फ्लॉक मरतो आणि सगळा नायट्रोजन पाण्यात परत येतो, मासे वरून धडधाकट दिसत असले तरी.

नायट्राइट चढला असेल तर ताज्या मेलेल्या माशाचे कल्ले उघडा. लालऐवजी चॉकलेटी दिसतात, कारण रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हजार लिटरला एक किलो खडे मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लगोलग पाणी बदलणं चालू ठेवा. मिठाने वेळ मिळतो, घाण जात नाही.

७. आकार वेगळे करा

कुरतडलेले पर आणि रहस्यमय घट, झाकण ठीक असताना, म्हणजे मोठे लहानांना खातायत. बोटुकली अवस्थेत हे सगळ्यात जास्त. दर पंधरवड्याला मऊ जाळीने काढून लहान, मध्यम, मोठे वेगळे करा. पहाटे करा, आदल्या संध्याकाळी खाद्य देऊ नका, आणि काढलेल्या माशांना हजार लिटरला दोन किलो मिठाच्या पाण्यात दिवसभर ठेवा म्हणजे ओरखड्यांवर बुरशी धरत नाही. जागा नसेल तर संख्या कमी करा. दुसरा उपाय नाही.

८. अंगावरचं दुखणं

वरचं सगळं तपासून झाल्यावरच इथे या. व्रण, लाल चट्टे, फुगलेलं पोट यांच्यामागे बहुतेकदा एरोमोनास जातीचे जिवाणू असतात. ते चांगल्या पाण्यातही असतात आणि मासा अशक्त झाला की उठतात. म्हणून पाणी न सुधारता दिलेलं औषध टिकत नाही. हिवाळ्याच्या तोंडाला पडणारे खोल, कुजके व्रण हे अ‍ॅफॅनोमायसिस या बुरशीसदृश जिवाचे असू शकतात, ते शेजारच्या तळ्यांतही पसरतात.

तुम्ही घरी करावं ते एवढंच: आजारी मासा वेगळ्या टाकीत, हजार लिटरला दोन ते तीन किलो मीठ, स्वच्छ पाणी, अंधार, खाद्य बंद. जाळी आणि बादली वेगळी ठेवा. लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, अंदाजाने टाकू नका. खवले नसलेल्या कातडीला ते जाळतं, आणि गढूळ पाण्यात किती मात्रा उरते हे रंगावरून कळत नाही. मोरचूदही तसंच. मॅलाकाइट ग्रीन खायच्या माशात अजिबात नको. दुकानदाराने दिलेली माणसांची किंवा कोंबड्यांची प्रतिजैविकं पाण्यात ओतू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर मत्स्यपालनात बंदच आहेत.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- एका दिवसात दहातला एक किंवा अधिक मासे मेले.
- खोल व्रण एकापेक्षा जास्त माशांवर दिसले, किंवा शेजारच्या तळ्यातही दिसले.
- पाणी दुरुस्त करून आठवडा झाला तरी मर चालू.
- कीटकनाशकाचा संशय.
- डोक्याच्या खुणेवरून जात ठरत नाही, किंवा संकर वाटतो.

जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात लेखी कळवा. रोगनिदानासाठी नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीची मत्स्य महाविद्यालयं किंवा मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था विचारता येते. रात्रभर पाण्यात तरंगलेला मासा नेऊन काही कळत नाही. मरायला टेकलेला, अजून हलणारा मासा त्याच टाकीच्या पाण्यात, पिशवीत हवा ठेवून न्या. तेवढं शक्य नसेल तर नुकताच मेलेला बर्फावर ठेवा, गोठवू नका. सोबत पाण्याची वेगळी बाटली आणि तो पहिला कागद.

जातीचा प्रश्न असेल तर माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवला की डीएनए तपासणीला पुरतो. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे ओळखीसाठी विचारता येतं. पत्रात मासा कुठल्या नाल्यातला, कधी पकडला ते लिहा. बीज विकत घेतलेलं असेल तर तसं लिहा.

काटा लागून बोट सुजलं आणि सूज मनगटाकडे चढू लागली तर थेट डॉक्टरकडे जा. शिंगीचा काटा असेल तर वाट बघूच नका.

आणि थाई मागूर निघाला तर: तो विकू नका, कोणाला फुकट देऊ नका, आणि मामा तलावात, नाल्यात, विहिरीत तर मुळीच सोडू नका. टाकीचा निचरा आधी बंद करा, सांडव्याला बारीक जाळी लावा, आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवून त्यांच्या देखरेखीखाली ते मासे मारून चुन्यासह खोल खड्ड्यात पुरा. टाकी पूर्ण वाळवा, तळाचा चिखल उलथा, कारण ओल्या चिखलात हा मासा दिवसचे दिवस तग धरतो. नवं बीज त्यानंतरच, आणि तेही ज्याच्याकडचे नर-मादी तुम्ही स्वतः हातात धरून पाहिलेत त्याच्याकडूनच.